कौतिक मिस्त्रीच्या दोन खाचा

या, असे जवळ सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही दोन हात पुढे यावं, कारण ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. तिच्यात कीर्तन आहे, एक मोडकी फटफटी आहे आणि एक हात आहे. ज्या हातानं सगळा घोटाळा केला तो हात मी उघड उघड तुमच्यासमोर ठेवणार आहे, आणि तरी तो तुम्हाला दिसणार नाही. मलाही दिसला नव्हता. मी तेव्हा त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो.

१

एकोणीसशे एकोणसत्तरचा पोळा. पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की डाव्या हाताला आत एक गाव लागतं. त्याचं नाव घेत नाही, माणसं अजून आहेत. त्या गावात छगन पाटलाची फटफटी ही एकुलती एक. पोळ्याच्या सकाळी तो बैलांची घुंगरं आणायला पारोळ्याला निघाला. नाल्याच्या फरशीला, म्हणजे ठेंगण्या पुलाला, जो उतार येतो तिथं त्यानं ब्रेक दाबला. पायाचा दाबला, हाताचा दाबला, आणि गाडी जशी चालली होती तशीच चालत राहिली. छगन फरशीवरून खाली दगडांत गेला. मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला तो मारुतीच्या कृपेनं.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, म्हणून ती फटफटी बारा माणसांनी दोर लावून वर ओढली.

पारोळ्याच्या एका मिस्त्रीला बोलावून चाकं उघडली. आत ब्रेकचे शू असतात, अर्ध्या बांगडीसारखे, आणि त्यांच्यावर लायनरची पट्टी. ती पट्टी चाकाला आतून घासते म्हणून गाडी थांबते. मिस्त्रीनं शू बाहेर काढले. काळेकुट्ट, गुळगुळीत, तेल प्यालेले.

"हे जुने आहेत," तो म्हणाला. "कुठल्या तरी भंगारातले."

सगळ्या गावाचं तोंड एकदम देवळाकडे वळलं. देवळाच्या जागेतच कौतिक मिस्त्रीची टपरी होती, आणि चारच दिवसांपूर्वी कौतिकनं, धुळ्याहून नव्या लायनरचे शू निवडून आणले असं सांगून, छगनचे दोन्ही ब्रेक बदलले होते. त्याच्या टपरीमागे तेल प्यालेल्या जुन्या शूंचा ढीग होता, तो सगळ्यांनी रोज पाहिलेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.तून उतरलो. आम्ही म्हणजे धुळ्याच्या कीर्तनकार वच्छलाबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणत, त्यांचा तबलजी आणि पेटीवाला मी. गावात दरसाल भाद्रपदाच्या पाडव्यापासून पाच दिवस त्यांचं कीर्तन असे. अक्का तेव्हा पन्नाशीच्या, नऊवारी, खांद्यावर उपरणं, कपाळावर बुक्का. आवाज असा की मागच्या ओळीतली म्हातारी पेंगायची थांबे. पण मला अभिमान त्यांच्या आवाजाचा जितका, तितकाच त्यांच्या कानाचा. तबल्याचा सूर केसभर उतरलेला त्यांना पाठमोऱ्या उभ्या राहून कळायचा.

कौतिक देवळाच्या पायरीखाली उभा होता. चाळिशीचा, काळा, हातांच्या रेघांत ग्रीस बसलेलं. दरवर्षी आमची पेटी एस.टी.च्या टपावरून तोच उतरवायचा. आज हात पुढे केला नाही.

"अक्का, पंचांनी ठरवलंय. पाचव्या दिवशी कीर्तन झालं की मी टपरी उचलायची. देवाच्या जागेत लबाड माणूस नको म्हणे."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणणार? टपरी काय, बाजारात कुठंही उभी राहील. पण कौतिकनं भंगार घातलं हे वाक्य माझ्या आधी तिथं पोचलेलं असेल."

"ते शू तू बघितलेस?"

"नाही. माझ्या कामावर विश्वास नसेल तर मी हात लावणार नाही."

"बरं," अक्का म्हणाल्या. "तू नको लावू. मी लावते."

२

शू देवळाच्या कपाटात, फडक्यात गुंडाळून ठेवलेले होते. पंचांतल्या थोरल्या नानांनी कुरकुरत किल्ली काढली.

"अक्का, तुम्ही हरिकथा करा. हे लोखंडाचं काम."

"नाना, तुमच्या मारुतीची गदा कशाची आहे?"

नानांनी कपाट उघडलं.

अक्कांनी एकेक शू खिडकीशी नेऊन पाहिला. लायनर खरोखर काळे होते. पण त्यांचं बोट कडेवर अडकलं. लोखंडाच्या कडेला कानशीनं पाडलेल्या दोन बारीक खाचा होत्या, शेजारी शेजारी. चारही शूंवर तशाच, त्याच जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही धुळ्याला गेलो, आग्रा रोडवर, मांगीलाल शेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. शेठ मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या धुळ्यात. गादीवर बसून पान जमवत होते.

"या या अक्का. आमच्या चंदनबाई तुमच्या कीर्तनाला येतात आणि घरी येऊन मला पुन्हा सगळं ऐकवतात. मला दोनदा पुण्य."

"शेठ, आज ऐकवायला नाही, ऐकायला आले. कौतिक मिस्त्री लायनर घेऊन गेला तो दिवस आठवतो?"

शेठ हसले. "विसरेन कसा? सकाळची सगळी बोहनी त्यानं अडवून धरली. मी तीन डबे समोर मांडले. पहिल्यावर वाघाचं चित्र, लाल-पिवळं. दहांतली आठ गिऱ्हाईकं तोच उचलतात. तर हा म्हणतो, शेठ, उतारावर वाघ ब्रेक लावणार आहे का? नख मारलं, काळी भुकटी निघाली. म्हणतो, हा पुठ्ठा आहे, याला परत वाघाच्या पोटात घाला."

"मग?"

"दुसरा मऊ लायनर. आवाज नाही, लगेच पकडतो. तो त्यानं माझ्या पिण्याच्या पाण्यात बुडवला, अक्का. माझ्या लोट्यात. म्हणे, आमच्या वाटेवर दोन फरश्या आहेत, श्रावणात चाकं पाण्यातून जातात, हा भिजला की घसरेल. मग तिसरा. करडा, आत पितळेच्या तारेचं विणकाम. तो उंबऱ्यावर ठोकून कानाला लावला. वास घेतला. रिव्हेटची डोकी पट्टीच्या खाली बसलीत का, ते बोट फिरवून पाहिलं. एक जोडी परत केली, त्यात एक डोकं वर आलं होतं. मीच म्हटलं, बाबा, हा घेऊ नको, हा चार-आठ दिवस कुरकुरतो, गिऱ्हाईक येऊन भांडतं. तर म्हणाला, छगन बायकोला मागे बसवून फिरतो. कुरकुरला तरी चालेल, पण थांबला पाहिजे."

"आणि ओळख म्हणून काही केलं त्यानं?"

"ते तर त्याचं नेहमीचं. माझीच कानस मागून घेतली आणि प्रत्येक शूच्या कडेला दोन खाचा पाडल्या. म्हणतो, माझं काम मला पुन्हा भेटलं तर ओळखू यावं."

अक्कांनी डोळे मिटले. त्या देवाचे आभार मानत असाव्यात असं मला वाटलं. मग डोळे उघडून मला म्हणाल्या, "ऐकलंस? शू तेच. भंगार नाही. कौतिकनं निवडले तेच चाकात होते."

"मग सुटला कौतिक."

"अर्धा. गाव म्हणेल, त्यानंच तेलकट हातानं बसवले. लायनर चार दिवसांपूर्वी कोरडे होते आणि पोळ्याच्या सकाळी तेलात भिजलेले. मधल्या चार दिवसांत त्या चाकात कुणी तरी हात घातलाय."

३

छगन धुळ्यातच इस्पितळात होता. पाय वजन बांधून वर टांगलेला. अक्कांना पाहून उठायला गेला आणि कळवळला.

"पडून राहा. आधी सांग, ब्रेक कसे होते?"

"पहिले चार दिवस रडके, अक्का. दाबला की कुईं करून ओरडायचे. गावातली पोरं नक्कल करायची. कौतिक म्हणाला होता, ओरडू दे, बसेल. पोळ्याच्या सकाळी निघालो तर आवाजच नाही. गल्लीच्या तोंडाशी हळूच दाबला, लोण्यासारखा. मी खूश झालो. म्हटलं, बसले." त्यानं टांगलेल्या पायाकडे पाहिलं. "मग उतार आला."

"पडलास तेव्हा काय आठवतं?"

छगन ओशाळला. "हसाल. मला पुरणपोळीचा वास आला. गरम चाक तोंडाशी फिरत होतं आणि मला घरचं ताट दिसत होतं. मरताना माणसाला जेवण आठवतं म्हणजे मी किती खादाड."

अक्का हसल्या नाहीत. "कुणावर संशय?"

"कौतिक माझा मित्र होता. त्यानं असं करावं हे पायापेक्षा जास्त दुखतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण एक सांगतो. आदल्या संध्याकाळी शेजारचा रुपचंद माझ्या गाडीच्या चाकाशी वाकला होता. माझ्या बायकोनं, प्रमिलानं, डोळ्यांनी पाहिलं. आमचा बांधावरून वाद आहे, दोन वर्षं बोलणं नाही. मग माझ्या चाकाशी त्याचं काय काम?"

४

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रुपचंदच्या ओट्यावर. माणूस उंच, तिरसट, चहासुद्धा रागानं विचारणारा.

"चाकाशी वाकला होतास?"

"वाकलो होतो."

"कशासाठी?"

"कुत्र्यासाठी. त्यांचं ते पिवळं कुत्रं चाक चाटत होतं. हाकललं."

"चाक चाटत होतं?"

"अक्का, छगननं चाक उंबऱ्याला बांधलं तरी मला घेणंदेणं नाही. पण उद्या कुत्र्यानं गाडी पाडली असती तर नाव कुणाचं झालं असतं? शेजाऱ्याचं. म्हणून हाकललं. आता हाकललं तरी नाव शेजाऱ्याचंच."

गल्लीत उतरल्यावर मी म्हटलं, "कुत्र्याची गोष्ट कुणाला पटेल?"

"खोटं बोलायचं असतं तर त्यानं यापेक्षा बरं काही तरी शोधलं असतं," अक्का म्हणाल्या.

छगनच्या घरी प्रमिलाबाई अंगण झाडत होत्या. दारातल्या खुंटीला पोळ्याच्या झेंडूच्या माळा सुकत होत्या. पलीकडे गोठ्यात दोन बैल, त्यांचे खांदे अजून हळदीनं पिवळे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकून त्यांना तूप-हळद चोळतात, त्याला खांदेमळणी म्हणतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती माफी मागणं असतं. गोठ्याच्या दारात छगनचे वडील उखर्डू आबा बसले होते. सत्तरी ओलांडलेले, जन्मभर बैलगाडी हाकलेले. सुताराला बोलावण्याआधी गाड्याचं चाक स्वतः खोलणारे. अक्कांना पाहून त्यांनी हात जोडले आणि पुन्हा बैलाच्या गळ्याखाली खाजवत बसले. मुलगा पडल्यापासून ते फारसं बोलत नव्हते.

अक्का प्रमिलाबाईंशी इकडचं तिकडचं बोलल्या. पुरण किती शिजवलं, इस्पितळात डबा कोण नेतं.

"यंदा सणाचं काही धड झालंच नाही बघा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आदल्या दिवशीच अपशकुन. खांदेमळणीला दरवर्षी तुपाची एक वाटी पुरते. यंदा वाटी दोनदा भरून द्यावी लागली. पोळ्यांवर घालायला तूप उरलं नाही."

अक्कांची नजर खुंटीवर गेली. मीही पाहिलं, पण मी फक्त माळा पाहिल्या. त्यांनी मोजल्या. गोठ्यात बैल दोन होते. खुंटीला माळा तीन होत्या.

५

त्या दुपारी अक्कांनी देवळात मला एकट्याला बसवलं. शू मागवले, आणि गाडीच्या चाकाचं ते लोखंडी झाकणही, ज्याच्या आत हे शू बसतात. झाकणाला एक भोक असतं, त्यातून ब्रेक ओढणारी खिट्टी आत जाते. त्या भोकाच्या कडेला, खोबणीत, काही तरी थिजून बसलं होतं.

"हे काय?"

"ग्रीस," मी म्हणालो.

"काळं का नाही मग?"

खरंच, ते मातकट पिवळं होतं. त्यांनी काडीनं ते उकरून पानाच्या देठावर घेतलं. मग एका शूचा लायनर समईच्या ज्योतीवर क्षणभर धरला. धूर निघाला, आणि देवळात, भर दुपारी, पुरणपोळीचा वास आला. कढलेल्या तुपाचा.

मला छगनची खादाडी आठवली, पण हसू आलं नाही.

"अजून खात्री नाही," अक्का म्हणाल्या. "वास फसवतो." त्यांनी आपल्या पानाच्या डबीतला ओला चुना बोटावर घेतला. "कुंकू घरी कसं करतात, ठाऊक आहे?"

"हळदीला चुना लावतात."

त्यांनी तो चुना देठावरच्या पिवळ्या गोळ्यात कालवला. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.

पिवळ्याचं लाल झालं.

"तूप आणि हळद. घासून जळलं आणि लायनर काळे पडले," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून कुत्रं चाटत होतं. रुपचंद खरं बोलला. आता हात कुणाचा, तेवढं उरलं. आणि ते मला ठाऊक आहे, म्हणूनच माझ्यानं उठवत नाही."

मी नाव विचारलं. त्यांनी ते सांगण्याऐवजी उलट मलाच विचारलं.

"मारायला निघालेला माणूस चाकात तूप घालेल? घरातलं, सणाचं तूप, कोमट करून, हळद घालून? हे वैर नाही रे. ही पूजा आहे. आणि चाकाची पूजा तेलातुपानं कोण करतं? ज्याला आयुष्यभर चाकाचं एकच काम माहीत आहे, तो. फिरणं."

६

चौथ्या दिवशी उन्हं कलताना अक्का गोठ्यात गेल्या. मला दाराशी थांबवलं, पण ऐकू येत होतं. बैलांच्या पलीकडे, कडब्याला टेकून, वाकडी झालेली फटफटी उभी होती.

"आबा, यंदा किती बैलांची खांदेमळणी केली?"

"तीन," आबा लगेच म्हणाले. ते सगळ्यांशी आपल्या अहिराणीतच बोलत.

"तिसरा कोणता?"

आबांनी फटफटीकडे बोट केलं. "तो नही का? दाना खात नही, शेन टाकत नही, पन मना पोरगाले धुळालोंग लई जास. घरना बैलच शे तो."

"त्याला तूप कुठं चोळलंत?"

"चाकले. रडी राह्यनं व्हतं ते, बाय. चार दिन. पोरगा म्हने, रडू द्या आबा. आसं कसं रडू देवो? गाडानं चाक रडनं म्हंजे गाडीवानले लाज. दुसरा दिन आसता ते तेल दिन्हं आसतं. पन खांदेमळणी व्हती, म्हनीसन तूपच दिन्हं. कोमट करं, हळद घाली, आनि फटमा चमचावरी सोडं. दोन्ही चाकले."

"रडणं थांबलं?"

"लगेच." आबांचा चेहरा त्या आठवणीनं उजळला. "आख्खा जलम चाकना मांगे गया मना. माले समजस चाकनं."

एका बैलानं मान हलवली, घुंगरू वाजलं.

"आबा, गाडा उतारावर थांबवतं कोण?"

"बैल. आंगवर घेस तो गाडा. चाक काय थांबी?"

"आणि या तिसऱ्या बैलाला कोण थांबवतं?"

आबा फटफटीकडे पाहत राहिले. मी सांगितलं ना, तो माणूस चाकं खोलणारा होता. त्याला समजवावं लागलं नाही. मी दाराच्या फटीतून पाहिलं, त्यांचा हात बैलाच्या गळ्याखाली होता तिथंच थांबला होता.

"चाकच?" त्यांनी विचारलं.

"चाकच, आबा. ते रडत नव्हतं. धरत होतं."

आबांनी तो हात काढून घेतला आणि उलटा करून पाहिला.

"पोरगाले मीच पाडं," आबा म्हणाले.

"तुम्ही त्याला तूप दिलंत."

"आनि कौतिकना काय दोष?"

"काहीच नाही. त्यानं जे निवडलं ते खरं होतं."

"मंग कीर्तनमा सांग."

"सांगेन. नाव न घेता सांगेन. कुणीतरी भोळ्या माणसानं, एवढंच."

आबा उठले. गुडघे वाजले. "नाव घे," ते म्हणाले. "त्यानं नाव चार दिन बजारमा फिरी राह्यनं. मनं का लपाडस?"

७

पाचव्या दिवशी दिवेलागणीला देऊळ भरून ओसंडत होतं. छगन सोडला तर सगळं गाव तिथं होतं. मांगीलाल शेठ चंदनबाईंना घेऊन धुळ्याहून आले होते. कौतिक आत आलाच नाही. बाहेर, टपरीच्या फळीवर, हत्यारं पोत्यात भरून बसला होता.

पूर्वरंगात अक्कांनी प्रेमाचं निरूपण लावलं. देवाला काय आवडतं हे भक्ताला कुठं ठाऊक असतं, तो आपल्याला जे गोड लागतं तेच देवाला घालतो. मध्यंतरी बुक्का लावून झाला, आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या. मी सूर धरला.

"आज आख्यान पुराणातलं नाही," त्या म्हणाल्या. "कौतिक, आत ये. तुझ्या पोत्यावाचून माझं आख्यान अडलंय."

कौतिक आला आणि खांबाशी उभा राहिला.

मी कीर्तनं खूप ऐकली, पण त्या संध्याकाळसारखं नाही. अक्कांनी एकेक गोष्ट फुलवून सांगितली. वाघाचा डबा आला तेव्हा देऊळ हसलं. शेठच्या लोट्यात लायनर बुडाला तेव्हा चंदनबाईंनी पदर तोंडाला लावला. मग अक्कांनी शू हातात धरून थोरल्या नानांना बोट फिरवायला सांगितलं. नानांनी खाचा चाचपल्या आणि त्यांचं बोट तिथंच राहिलं. शेठ उठून म्हणाले, "माझ्या समोर पाडल्या. कानस माझी." रुपचंदच्या कुत्र्याची गोष्ट आली, तसा रुपचंद पहिल्यांदाच गावाकडे मान वर करून बघायला लागला. सगळ्यांसमोर चुन्यानं पिवळ्याचं लाल केलं तेव्हा बायकांच्या बाजूनं एकच सुस्कारा आला. कुंकू त्यांच्या रोजच्या ओळखीचं होतं.

"तर चाकात तूप गेलं, हळद गेली," अक्का म्हणाल्या. "कौतिकचा हात स्वच्छ. उरला एक हात. तो हात..."

आणि त्या थांबल्या. झांज हातात तशीच. कीर्तनात इतकी वर्षं मी त्यांना अडलेलं पाहिलं नव्हतं. त्यांच्यानं नाव घेववेना. माझं बोट पेटीच्या एका सुरावर तसंच दाबलेलं राहिलं आणि तो सूर देवळात एकटाच वाजत राहिला.

पुरुषांच्या मागच्या रांगेतून उखर्डू आबा उठले. डोक्याला पोळ्याचाच फेटा होता. ताठ उभे राहिले.

"तो हात मना शे," ते म्हणाले. "चाक रडनं, मी तूप दिन्हं. पोरगा मनामुळे पडना. कौतिकनं काम चोख व्हतं. ज्यासनी त्याले लबाड म्हनं, त्यासनी आते माले म्हना."

नाना खाली पाहत होते. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला आमच्या खानदेशाच्या मातीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नाही. एक सत्तरीचा बाप, मुलगा इस्पितळात, आणि दुसऱ्याचं नाव धुऊन काढायला भर देवळात आपलं नाव पुढे करून उभा.

कौतिक खांब सोडून पुढे आला. मला वाटलं, आता चार दिवसांचं सगळं बोलून दाखवेल. तो आबांच्या पाया पडला.

"आबा, अर्धी चूक माझी," तो म्हणाला. "नवा ब्रेक ओरडतो, त्याला काही घालू नका, हे मी छगनला सांगितलं. गाडीच्या खऱ्या धन्याला सांगितलंच नाही. निवडताना मी वाटेवरची फरशी बघितली, पाणी बघितलं. घरात चाकाचं रडणं सहन न होणारा माणूस आहे, तेवढं बघायचं राहिलं."

"पोतं सोड," थोरले नाना खरखरीत आवाजात म्हणाले. "हत्यारं जागेवर लाव. आणि ते चार शू टपरीच्या दारावर टांग. खाचा बाहेरच्या बाजूनं."

मग अक्कांना सूर सापडला. त्या आरतीत गावाचा जो आवाज लागला तो धुळ्याला चंदनबाई अजून शेठना ऐकवतात.

छगन दिवाळीला घरी आला. कौतिकनं गाडी सरळ केली, आणि पुन्हा धुळ्याला जाऊन त्याच दुकानातून तोच करडा लायनर आणला, त्याच हट्टानं. मात्र या खेपेला चाकं बसवताना आबांना शेजारी बसवून घेतलं. झाकण लावायच्या आधी आत काय आहे ते दाखवलं. पुढल्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबांनी पुन्हा तीन बैलांची खांदेमळणी केली. कौतिकनं त्यांचा हात धरून चाकावरून उचलला आणि हँडलवर ठेवला.

"आबा, या बैलाचा खांदा हा."

आबांनी तिथं तूप-हळद चोळली. छगन दुसऱ्या दिवशी पिवळे हात घेऊन पारोळ्याला गेला आणि कुणाला लाजला नाही.

आबा आता नाहीत. कौतिकच्या दारावरचे शू गंजले, पण खाचा दिसतात. मागणं एवढंच: रस्त्यानं जाताना एखाद्या गाडीचा नवा ब्रेक ओरडला, तर कानावर हात ठेवू नका. क्षणभर थांबा आणि आमच्या उखर्डू आबांची आठवण काढा.